काठ उसवलेला टॉवेल

आश्विनातलं ऊन सोलापुरावर उतरतं ते वरून खाली, सावकाश. आधी बंद गिरणीच्या चिमणीचं टोक. मग पाण्याच्या टाक्या. मग गच्च्यांवर ओळीने वाळत घातलेले टॉवेल, पिवळे, गुलाबी, मोरपंखी. मग खिडक्या, मग भिंती, आणि सगळ्यांच्या शेवटी अंगणं.

नरसय्या येमूलच्या अंगणात ते आणखी उशिरा पोचतं. पूर्वेच्या अंगाला लिंबाचं जुनं झाड आहे. त्याच्या डोक्यावरून ऊन अलीकडे येईपर्यंत तिथे सावली असते. गार सावली, हिरवट सावली, चिमण्यांच्या बोलण्याने जागोजागी टोचलेली सावली.

त्या सावलीत गाडी उभी होती. निळी. रंगाच्या हौदातून सुताची लड वर उचलावी, ती निथळत असावी आणि तिच्यावर पहिला उजेड पडावा, तशी निळी.

आणि ओली. नखशिखांत ओली. टपावर थेंब, काचांवर थेंब, बॉनेटवर थेंबांची दाटी. प्रत्येक थेंबात एक उलटं झाड, एक उलटं आभाळ, आणि रिकामी बादली धरून उभा असलेला एक उलटा नरसय्या.

पाणी त्याचं, पुसणं तिचं.

गाडी या घरात आली तेव्हापासूनची ही वाटणी. तो पाणी घालायचा आणि चहा टाकायला आत जायचा. मागे त्याची बायको अनसूया पुसायला लागायची. चहा घेऊन तो बाहेर येईपर्यंत गाडी कोरडी झालेली असायची आणि अनसूयेचं कपाळ ओलं. ती कशी पुसते, हे त्याने कधी पाहिलं नाही. दुधाला उकळी कधी येते, हे मात्र त्याला चांगलं माहीत होतं.

गाडी तिची होती. ज्या वयात बायका गुडघ्यांना तेल चोळत बसतात, त्या वयात ती गाडी शिकली. जुनीच घेतली, आणि गॅरेजमध्ये उभी राहून तिने हा निळा रंग निवडला. रंगवणारा म्हणाला, बाई, पांढरा घ्या, पाण्याचे डाग दिसत नाहीत. ती म्हणाली, डाग पडूच द्यायचे नाहीत. आणि पडू दिले नाहीत. इतक्या वर्षांत त्या निळ्यावर एक ओरखडा नव्हता.

अनसूया माघात गेली.

तेव्हापासून गाडी खोळीखाली होती. चैत्र गेला, आषाढ गेला, श्रावण गेला. लिंबाने पानं गाळली, मोहोर गाळला, लिंबोळ्या गाळल्या. सगळं त्या खोळीवर.

आज दसरा. गल्लीत सकाळपासून पाणीच पाणी. रिक्षा न्हात होत्या, टेम्पो न्हात होते, स्कूटरी न्हात होत्या. नळ्यांचा फवारा, बादल्यांचा आवाज, ओल्या झेंडूचा वास. येमूलांच्या दाराला तोरण नव्हतं. वर्ष फिरलं नव्हतं, सण नव्हता. पण काल संध्याकाळी मुलगी दारात येऊन उभी राहिली होती. स्रवंती. आईनेच तिला गाडी शिकवली, आणि आई गेल्यापासून तिने किल्लीला हात लावला नव्हता.

“नाना, उद्या गाडी काढू का? तळ्यापर्यंत. फक्त जाऊन यायचं.”

“काढ,” तो म्हणाला होता. आणि म्हणाल्यावर त्याच्या छातीत काहीतरी हललं होतं, बंद पडलेला माग कुणीतरी हाताने फिरवून बघावा तसं.

म्हणून आज पहाटे खोळ निघाली. म्हणून पाणी झालं. आता पुसणं उरलं होतं, आणि पुसणारी नव्हती.

नरसय्याने वर पाहिलं. ऊन लिंबाच्या शेंड्याला लागलं होतं. बोअरचं पाणी जड असतं. उन्हात ते गाडीच्या अंगावरच आटलं, की प्रत्येक थेंबामागे एक पांढरं वर्तुळ उरतं. ते घासून काढावं लागतं, आणि घासलं की रंग जातो. एवढं त्याला ऐकून माहीत होतं. आज या निळ्याला काही झालं असतं, तर ते त्याच्या हातून झालं असतं. अनसूयेने जसा ठेवला तसा रंग लेकीच्या हाती द्यायचा, एवढंच त्याच्या मनात होतं. दुसरं काही नाही.

त्याने आत जाऊन एक टॉवेल आणला. नवा. करकरीत, जाड, केशरी पट्ट्यांचा, घडीसुद्धा न मोडलेला. यंदा आपल्याला नवं कापड नाही. गाडीला तरी असू दे, असं त्याला वाटलं. आणि त्याने घडी मोडली, टॉवेल बॉनेटवर ठेवला आणि गोल गोल फिरवायला सुरुवात केली.

पाणी पुढे पळालं. टॉवेल मागे धावला. पाणी उजवीकडे गेलं, टॉवेल उजवीकडे गेला. रंगावरून चर्र चर्र आवाज यायला लागला.

कुंपणाच्या भिंतीपलीकडे सुगलाबाई लेकाच्या रिक्षाला झेंडूची माळ बांधत होती. तिने मान वर केली.

“अण्णा, गाडी पुसालाव का कणीक मळालाव?”

“पुसतोय की.”

“मग ती का ओरडालीय एवढी?”

त्या आवाजानेच स्रवंती बाहेर आली. केस अर्धे विंचरलेले, कंगवा तसाच हातात.

“नाना, थांबा. हात उचला. ओढू नका, नुसता वर उचला.”

त्याने हात उचलला. चूल हाताळताना पकडलेल्या पोरासारखा तो उभा राहिला.

“नवा आहे हा?”

“दसऱ्याचा.”

स्रवंतीला हसू आलं. ते तिने आवरलं नाही. “नवा टॉवेल पाणी पितो का, नाना? खळ आहे त्यात. तुम्हीच सांगायचात मला.”

खळ. नरसय्याने हातातल्या टॉवेलकडे पाहिलं. त्याचा सगळा जन्म टॉवेलच्या कारखान्यात, मागावर गेला होता. दहा धुण्यांशिवाय टॉवेल टॉवेल होत नाही, हे तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत आला होता. आणि आज दसऱ्याच्या सकाळी नव्याला भुलला.

“आणि हा काठ,” स्रवंतीने बोट फिरवलं. “दुमडून शिवलेला, कडक. हा रंगावरून फिरला की...”

ती थांबली. दोघांनीही एकदमच पाहिलं. बॉनेटवर, जिथे टॉवेल फिरला होता तिथे, पाण्याखाली एक रेघ होती. केसाएवढी. बारीक, वाकडी, फिकट.

नरसय्याचा हात पुढे गेला.

“हात नका लावू. ओल्यात कळत नाही,” स्रवंती हळूच म्हणाली. “वाळल्यावर कळेल.”

ती डिकीकडे गेली. चिंध्या जोडून शिवलेली एक पिशवी तिने काढली, आणि पिशवीतून टॉवेल. जुने, मऊ, धुऊन धुऊन रंग विसरलेले. एके काळी हिरवा असलेला, एके काळी गुलाबी असलेला. नरसय्याने एक हातात घेतला आणि सवयीने त्याचा काठ चिमटीत धरला.

चिमटीत काही आलं नाही. नुसते मोकळे धागे.

“काठ कुठे गेला याचा?”

“अम्माने उसवलाय. सगळ्यांचा. दुपारी नाही का बसायची दारात, ब्लेड घेऊन?”

बसायची. त्याने पाहिलं होतं. शिलाई मशीनवर गठ्ठेच्या गठ्ठे टॉवेलांचे काठ शिवणारी बाई, दुपारच्या उजेडात एका टॉवेलचा काठ उसवत बसायची. टीप चुकली असेल, असं त्याला वाटायचं. चुकली नव्हती. स्वतःच मशीनवर घातलेली सरळ, पक्की टीप ती हातानेच एक एक टाका काढत सोडवायची. रंगाला कडक काही लागू नये म्हणून. गाडीच्या अंगाला शिवण बोचू नये म्हणून.

लिंबाच्या वरच्या फांदीवर ऊन आलं.

“सांग मला,” नरसय्या म्हणाला. “कसं करायचं ते सांग.”

“टपापासून. वरून खाली. टॉवेल पसरा, पसरून नुसता ठेवा. हां. आता दोन कोपरे धरा आणि आपल्याकडे ओढा. दाबू नका. पाणी त्याचं तो घेईल.”

त्याने टॉवेल पसरला. मग कोपरे धरले. मग ओढला, जसं झोपलेल्या माणसाच्या अंगावरचं पांघरूण काढावं, जाग येऊ न देता.

आणि टॉवेल प्याला. एका घोटात प्याला. त्याच्यामागे टप कोरडा होत आला, आणि त्या कोरड्या निळ्यात आभाळ सुलटं होऊन उभं राहिलं. नरसय्या बघत राहिला.

“नाना, ऊन.”

“हो, हो.”

मग टपाची दुसरी बाजू. मग काचा. जिथे पाणी सांधीत अडलं होतं तिथे नुसतं टिपणं, बोटाच्या टोकाने, लेकराचं नाक टिपावं तसं. दारं उघडून आतल्या कडा. पाणी पिऊन झालेला टॉवेल बाजूला, कोरडा हातात. हिरवा गेला, गुलाबी आला. गुलाबी गेला, पिवळा आला. त्याच्या हातांना हे माहीत होतं, असं त्याच्या लक्षात आलं; कापड सरळ धरणं, ताण सगळीकडे सारखा ठेवणं. एवढंच तर त्याने जन्मभर केलं होतं. फक्त या कामात आवाज नव्हता. माग थांबल्यावर कारखान्यात जी शांतता उतरते, ती इथे सकाळभर पसरली होती, आणि तिच्यात चिमण्या बोलत होत्या.

पिवळा टॉवेल हातातून निसटून खाली पडला. तो उचलायला वाकला.

“तो आता बाद,” स्रवंती म्हणाली. “खडा चिकटला असेल.”

“झटकतो की.”

“अम्मासुद्धा झटकायची नाही.”

त्याने पिवळा पायरीवर ठेवला. वाद न घालता.

सुगलाबाई चहा घेऊन आली. कपबशी कठड्यावर ठेवून ती कमरेवर हात देऊन उभी राहिली.

“गार व्हालाय चहा.”

“होऊ दे.”

“अनसूयाक्का असती तर म्हणली असती, ह्यांना आत पाठवा, दूध उतू जाईल.”

नरसय्या हसला. हात थांबवले नाहीत. ऊन मधल्या फांदीवर आलं, मग खालच्या, मग गाडीच्या मागच्या काचेला उन्हाने बोट लावलं. ती काच कोरडी होती. ऊन पुढे सरकलं. नरसय्या त्याच्या एक हात पुढे होता. दार कोरडं. दुसरं दार कोरडं. ऊन मागून, टॉवेल पुढून, आणि मधे निळा रंग, जरा जरा करत उजळत जाणारा.

बॉनेट शेवटी उरलं. ते त्यानेच मागे ठेवलं होतं.

त्याने शेवटचा टॉवेल पसरला. पांढरा, सगळ्यात जुना, जवळजवळ जाळीसारखा. कोपरे धरले. क्षणभर तसाच धरून थांबला. मग ओढला.

पाणी गेलं. रेघ राहिली.

ती तिथेच होती, कोरड्या निळ्यावर, अधिकच स्पष्ट. सुगलाबाईचे हात कमरेवरून खाली आले. स्रवंतीने कंगवा घट्ट धरला. नरसय्याने चष्मा सदऱ्याला पुसला, डोळ्यांवर चढवला आणि खाली वाकला. इतका खाली की निळ्या रंगात त्याला त्याचाच चेहरा वर येताना दिसला.

झुळूक आली. लिंब हलला. आणि रेघही हलली.

तिचं एक टोक उचललं गेलं, थरथरलं, पुन्हा बसलं.

नरसय्याने बोटाला जीभ लावली आणि ते टोक अलगद टिपलं. रेघ बोटाला चिकटून वर आली. सगळीच्या सगळी. खाली निळा रंग होता. अखंड, गाढ, तिने ठेवला होता तसाच.

“काय होतं?” सुगलाबाईने विचारलं.

“धागा.”

“आं?”

“धागा हो. नव्या टॉवेलचा.”

सुगलाबाईने पदर तोंडाला लावला. “जन्म गेला सुतात, आन धागा वळखू येईना व्हय?”

मग स्रवंती हसली, आणि नरसय्याही. आधी नाकातून, मग छातीतून, मग पोटातून. त्या अंगणात माघापासून असा आवाज झाला नव्हता. चिमण्या उडून गेल्या आणि, काही विशेष नाही असं पाहून, परत येऊन बसल्या. ऊन बॉनेटवर चढलं, आणि सगळी गाडी एकदम पेटल्यासारखी निळी झाली.

बाजूच्या आरशाच्या खालच्या कडेला एक थेंब आला. नरसय्या टॉवेल घेऊन पुढे झाला.

“तो असू द्या,” स्रवंती म्हणाली. “आरशाच्या आत पाणी बसतं. कितीही पुसलं तरी परत येतं. अम्मा म्हणायची, एवढं वाऱ्याला ठेवायचं, एक फेरी मारली की उडतं.”

त्याने टॉवेल मागे घेतला. ते त्याला आठवत होतं. गाडी पुसून झाली की अनसूया कोपऱ्यापर्यंत एक फेरी मारून यायची, आणि तो हातात कपबशी धरून फाटकात उभा असायचा. कशाला जातेस, असं त्याने कधी विचारलं नव्हतं.

सुगलाबाईने माळेतलं एक झेंडूचं फूल तोडलं. “तोरण नको. पण फूल चालतंय,” म्हणाली, आणि ते रंगावर न ठेवता, काचेच्या आत, पुढे ठेवलं.

स्रवंती चाकामागे बसली. किल्ली हातात घेऊन तिने फाटकाकडे पाहिलं. तिथे नरसय्या उभा होता, नेहमीच्या जागेवर, गार चहाची कपबशी घेऊन.

“नाना, बसा की. मी एकटी नाही जाणार.”

त्याने चहा एका घोटात संपवला.

गाडी एकदा दचकली, सावरली, आणि गल्लीतून निघाली. न्हालेल्या रिक्षांमधून, माळा ल्यालेल्या टेम्पोंमधून, पिवळ्या पाकळ्यांच्या चिखलातून. नरसय्याच्या मांडीवर पांढरा टॉवेल होता, तिच्या हाताने उसवलेला, चारही बाजूंनी मोकळा. रस्ता रुंद झाला. वारा आला.

आरशाच्या कडेला थेंब लोंबत होता. तो लांबला, मागे झुकला, बारीक झाला, आणखी बारीक, आणि निळ्या दाराच्या बाजूने उन्हात चांदीचा एक धागा झाला. नरसय्या बघत राहिला. वाऱ्याने तो धागा ओढला, लांबवला, उजेडात धरला. आणि सोडून दिला.