डाव्या पानावरची पेन्सिल

२ मार्च १९४३, मंगळवार. कोरडं ऊन, पश्चिमेचा वारा, दुपारी फार उकाडा.

मी एक हाताने शिवलेली वही बोलतेय. माझे मालक लालासाहेब, सगळ्यांचे आबा, कराडजवळच्या एका गावचे. पलटणीत इंग्रजी शिकले. पेन्शनीत निघाल्यावर त्यांनी साताऱ्याच्या वाचनालयातून ग्रीक तत्त्वज्ञांच्या संवादांचं इंग्रजी पुस्तक आणलं आणि सहा वर्षं एकेका वाक्याशी झटत बसले. माझ्या उजव्या पानावर शाईने मराठी अर्थ, डाव्यावर पेन्सिलीने स्वतःची शंका. लिहिलेलं ते कधी खोडत नसत. मत बदललं तर खाली तारीख घालून नवं लिहीत.

त्यांचा मुलगा कृष्णात, चळवळीत टेलिफोनच्या तारा तोडल्याबद्दल तालुक्याच्या कोठडीत होता. गुरुवारी त्याला रेल्वेने साताऱ्याला न्यायचं होतं. स्टेशनवर त्याला सोडवायचा बेत सोबत्यांनी केला होता. कृष्णातचा निरोप आला : आबा म्हणतील तसं.

"आवं, पळ म्हणा न्हाईतर थांब म्हणा," सुलाबाई नवऱ्याला म्हणाली. "पोरगं वाट बघतंय."

आबांनी पेन्सिल घेतली. त्यांनी माझ्यात काहीतरी लिहिलं, पोथी बांधतात तसं लाल फडक्यात मला बांधलं आणि भाकरीबरोबर घेऊन कोठडीकडे निघाले.

हवालदार नाथाजीच्या कमरेला कातडी पट्टा होता. पोथीला कसा हात लावायचा, म्हणून तो मागे सरला. फौजदाराने मात्र फडकं सोडलं आणि मधूनच मोठ्याने वाचलं : "पहारेकरी आपला आहे. परमुलखात घर बघून ठेवलंय. ऊठ, चल."

त्याने मान वर करून आबांकडे पाहिलं.

"लय झ्याक पोथी हाय की, आबा. देव कुठला हिच्यातला?"

"देव न्हाई, साहेब. ग्रीस देशातला म्हातारा मास्तर हाय. त्याला विष द्यायचं ठरलंय. मैतर त्याला पळ म्हणतोय. फुडं वाचा."

फौजदाराच्या अंगठ्याचा घाम माझ्या कागदाला लागत होता. तो वाचत गेला. म्हातारा मित्राला सांगतो : या नगराच्या कायद्यांनी मला वाढवलं. आज ते माझ्यावर उलटले म्हणून मी पळणार नाही.

"आता कसं! हे शिकवा पोराला." डावीकडची बारीक पेन्सिल त्याने चष्म्याविना सोडून दिली आणि मला गजांतून आत सारलं.

कृष्णातने दोन्ही पानं वाचली. डाव्यावर चार वर्षांपूर्वीची शंका होती : 'ते कायदे त्याच्याच नगराने केले होते. आमचे कुणी केले? मग हे उत्तर आम्हाला लागू पडतं का?' त्याखाली त्याच दिवसाची तारीख आणि तीन शब्द : 'लागू पडत नाही.'

"आबा, कळलं."

"काय कळलं रं?" नाथाजीने विचारलं.

"गोष्ट."

मी आता मुद्देमालाच्या खोलीत आहे. एका कोपऱ्याला वाळवी लागली आहे. कुणी मला उघडलंत, तर पेन्सिल पुसट झाली आहे, जरा उजेडात धरा.

गुरुवारी, ४ मार्चला, कृष्णात स्टेशनवर निसटला. तो सापडला नाही. कोठडीत मी सापडले, आणि या खेपेला डावं पानही वाचलं गेलं. लालासाहेबांना नऊ महिने सक्तमजुरी झाली आणि त्यांची पेन्शन बंद झाली.