छोट्या डोक्याचे डॉलर

नायजेरियातल्या पोर्ट हारकोर्टच्या एबिएरेने परदेशी कंपनीसाठी महिनाभर घरबसल्या भाषांतरं केली. मोबदल्याच्या डॉलरमधून पैसे पोचवणाऱ्या मध्यस्थांनी एक लचका तोडला, दुसरा बँकेने. वर डॉलरच्या बदल्यात नायरा, म्हणजे तिथलं चलन, देण्याचा बँकेचा भाव बघून तिला शिसारीच आली. म्हणून उरलेले डॉलर रोख काढून ती मशिदीबाहेर नोटा बदलून देणाऱ्या मालम हबूकडे गेली.

हबूने नोटा उन्हात धरल्या. "मॅडम, या जुन्या छापाच्या आहेत. चित्रातल्या माणसाचं डोकं छोटं आहे. भाव कमी मिळेल."

"डॉलर तो डॉलर! डोकं मोजून पैसे देता का?"

"मी कुठं मोजतोय? बाजार मोजतो. बँकेकडून मोठ्या डोक्याच्या मागून घ्यायच्या होत्या!"

ती तणतणत बँकेत परतली. मघाशी याच नोटा देणारी कॅशियर अजून काचेआड बसलेली होती.

"या बदलून मोठ्या डोक्याच्या द्या, नाहीतर माझ्या खात्यात परत भरा," एबिएरे म्हणाली.

कॅशियरने मेलेलं झुरळ उचलावं तशी एक नोट दोन बोटांत धरली, नाक मुरडलं आणि सगळा गठ्ठा काचेखालून परत सरकवला.

"सॉरी मॅडम, छोट्या डोक्याच्या आम्ही घेत नाही."