आठ मिनिटांचा स्पीकर

हिरव्याचा लाल झाला... मोहरीएवढा दिवा, स्पीकरच्या पाठीवरचा, आणि लावलेला अभंग कुणीतरी गिळल्यासारखा मधेच बंद. आठ मिनिटं. मघाशीही आठच. धनाजीनं घड्याळ बघितलं, मग अंगणातला मांडव, सतरंज्या अंथरणारी पोरं, आणि परत तो दिवा. दहाला बुवा येणार, अर्धा तास प्रवचन, आणि मग नाथाजीबद्दल चार शब्द बोलायचे ते धनाजीनं. अंजनावहिनींनीच तसं सांगितलं होतं. नवरा जाऊन बारा दिवस झालेल्या बाईला नाही कसं म्हणायचं? बारा दिवस त्याच्याही डोळ्याला डोळा लागला नव्हता, अंग नुसतं भिजलेल्या पोत्यासारखं, आणि डोक्यात एकच घरघर — मी माईक धरला की माणसं हसणार.

हसणारच. तीस वर्षं दुसरं केलंय काय मी? गावच्या स्पीकरवरून भर उन्हाळ्यात "टँकर आला" म्हणून ओरडलो, अर्धं गाव घागरी घेऊन पळालं, आणि मी न् नाथ्या देवळामागं भेळ खात बसलो. फौजेतून सुट्टीवर आलेल्या लालासाहेबाला, पोरगीकडची माणसं लोणंद स्टेशनात उतरतायत म्हणून, कडक इस्त्रीत धाडलं — आटपाडीहून लोणंद! बिचारा संध्याकाळपर्यंत फलाटावर बसून होता...

तोच लालासाहेब, आता रिटायर, आज सगळी व्यवस्था बघत होता. स्पीकर परत गप झालेला ऐकून तो तरातरा आला.

"धन्या, आज तरी न्हाई रं. उत्तरकार्य हाय."

"खरंच बिघडलाय, गड्या. आईशप्पत."

"लोणंदच्या वेळीबी तू आईचीच शप्पत घेतली हुतीस."

धनाजी परत स्पीकरकडं वळला. बोलायला जीव लागतो. त्यानं वायर बदलली, आठ मिनिटं. दुसऱ्या बोर्डात पिन घातली, आठ मिनिटं. माईक काढून मोबाईल जोडला, आवाज निम्म्यावर आणला, तरी तेच, जरा थंड झाला की हिरवा, मग लाल. शहरात, विश्रामबागेत, ज्याच्या दुकानात तो दोन वर्षं सोल्डरिंग शिकला तो मालक म्हणायचा, कानाला कळंना की हात लावून बघ. त्यानं पाठीमागच्या पत्र्यावर तळवा टेकवला — आणि झटक्यात काढला. तापलेला तवाच. म्हणजे वायरीत काही नव्हतं. आतला अॅम्प्लिफायर तापत होता आणि जळू नये म्हणून आपणहून मान टाकत होता.

स्क्रू काढून त्यानं पत्रा ओढला, आणि तसाच बसून राहिला.

आत लोकर. काळी, मेंढराचा वास असलेली, डबा गच्च भरून. आणि एक बट सरकत सरकत आतल्या गार करणाऱ्या छोट्या पंख्याच्या पात्यात गुंडाळलेली. नाथ्या! तीन वर्षं हा माणूस आल्यागेल्याला सांगत होता, आमच्या स्पीकरचा आवाज बघा कसा घोंगड्यासारखा उबदार, आणि धनाजी मनातल्या मनात फुगायचा, की बटणं तर मी जुळवलीत. एका शब्दानं बोलला नाही भाड्या... तीन वर्षं मला शेंडी लावली, मला! आणि खोडी उघडी पडायच्या आत निघून गेला.

मग हळूच, चोरासारखा, दुसरा विचार आला. पत्रा परत लावायचा. बस. बुवांची आठ मिनिटं झाली की हा मान टाकेल, बुवा काय, बिनमाईकचे रेटून नेतील, पण पुढची भाषणं राहतील. कुणाचा दोष नाही, यंत्र आहे. लालासाहेब म्हणेल ह्यानंच केलं — म्हणू दे. एक खोडी नावावर जास्त. पण मला उभं राहायला नको... हातातला स्क्रू घामानं ओला झाला होता.

"भावजी, च्या."

अंजनावहिनी कधी आल्या कळलं नाही. कप खाली ठेवता ठेवता त्यांची नजर डब्यात गेली. त्या वाकल्या, एक बट बोटांनी पिंजून बघितली.

"ही आमच्या कानफाट्या मेंढीची. उशी भरतो म्हणून न्हेली हुती त्येंनी. लय दिस ती उशी हुडकली मी."

त्या हसतायत की काय म्हणून त्यानं मान वर केली. कळलं नाही. त्यांनी मूठमूठ लोकर काढून पदरात घेतली, शेवटची पात्यातली बटसुद्धा, न तोडता, उलटी फिरवून सोडवली.

"चालंल का आता?"

"चालंल," धनाजी म्हणाला, आणि बोलल्यावर त्याला उमगलं की आता पळायला वाट नाही.

चालला. पंखा माशीसारखा गुणगुणत राहिला, बुवांनी अर्ध्या तासाची पंचेचाळीस मिनिटं केली, आणि धनाजी स्पीकरशेजारी बसून जन्मात पहिल्यांदा एखादी वस्तू बिघडावी म्हणून देवाला हात जोडत होता. मग लालासाहेबानं त्याचं नाव घेतलं.

"रामराम मंडळी," तो म्हणाला. इतकंच म्हणायचा तो दर वेळी, आणि इतक्यावरच माणसं हसून फुटायची. त्यानं खांदे आवळून घेतले.

कुणी हसलं नाही.

दीडदोनशे माणसं, माना खाली, शहाण्यासारखी गप्प. तो थांबला. हसा की रं... कुणीतरी. आणि मग, माईक तसाच ओठापाशी धरून, त्याला उशिरा, फार उशिरा दिसलं, की गाव कधीच आपणहून हसलेलं नव्हतं. आधी एकटा नाथाजी फिसकन हसायचा, आणि त्याच्या मागनं गाव. अंगातला बारा दिवसांचा शीण कुठं गेला कुणास ठाऊक. त्याच्या जागी सोललेल्या चामडीवर वारं लागावं तसं काहीतरी. पुढचं वाक्य तयार होतं, घोकलेलं, चांगलं. ते येत नव्हतं. आणि स्पीकरमधून, सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असा, त्याचा नुसता श्वास येत होता... जात होता.