पन्नास मिनिटांचं गाव

"बसने अकरा तास, विमानाने पन्नास मिनिटं! मी पोचून झोप काढीन, मग तुला उतरवून घ्यायला येईन," फोटोग्राफर नवरा ऐटीत म्हणाला. मेहुणीच्या लग्नाचे फोटो त्यालाच काढायचे होते.

"या हो, स्टँडवर वाट बघते," म्हणत बायको बसने पुढे गेली.

विमान एवढंसं. चढण्याआधी माणसांचंही वजन झालं. काट्यावरचा म्हणाला, "साहेब, तीसच किलोची सोय उरलीय. तुमची बॅग जाईल, तुम्ही नाही."

निदान कॅमेरे तरी वेळेत पोचतील म्हणून त्याने बॅग पाठवली आणि स्वतः मुकाट्याने बस धरली.

ऐन लग्नाच्या सकाळी तो गावच्या विमानतळावर पोचला. घ्यायला कोणी आलं नाही म्हणून बॅग कालच पन्नास मिनिटांत शहरात परत गेली होती.