कतरीनबाईचे नऊ दिवस

सवाई माधवरावांच्या कारकिर्दीत पुण्यात सगळं कसं वेळेवर व्हायचं, असं म्हातारे सांगतात. सांगोत बापडे. पेठेच्या टोकाला, तोफखान्याच्या वस्तीत राहणाऱ्या कतरीनबाईचे नऊ दिवस मात्र चार महिने चालले होते आणि संपायचं नाव घेत नव्हते.

कतरीनबाई मूळची वसईकडची किरिस्तांव. नवरा पेशव्यांच्या तोफखान्यात गोलंदाज होता. एका दसऱ्याला मोहिमेवर गेला तो परत आलाच नाही. तेव्हापासून तोफेच्या दारूच्या थैल्या शिवून ती पोट भरत होती. एकुलती एक लेक सिसिल, सतरा वर्षांची. तिचं लग्न दुमिंग नावाच्या गोलंदाजाशी ठरलं होतं. ठरलं होतं म्हणजे काय, त्या दोघांनीच ठरवून टाकलं आणि कतरीनबाईला मागाहून कळवलं. मुलगा हसरा होता, कामसू होता, दोन्ही कानांनी धड ऐकू यायचं. गोलंदाजात एवढं पुष्कळ झालं.

घोडं अडलं होतं पाद्रीपाशी. पाद्रीशिवाय किरिस्तांवांचं लग्न लागत नाही, आणि पुण्यात पाद्री नव्हता. दसऱ्याला फौज निघाली की दुमिंग तोफांबरोबर जाणार, दोन वर्षांसाठी की चार, कुणी सांगावं. लग्न झालेल्या गोलंदाजाचं बिऱ्हाड फौजेबरोबर जायचं. नुसतं ठरलेल्याचं नाही. कतरीनबाईने दारात बसून वाट बघण्यात अकरा वर्षं घालवली होती. लेकीच्या वाट्याला ते नको, दसऱ्याच्या आत पाद्री येऊ दे, एवढंच तिचं मागणं होतं.

वैशाखात तिने बैलांच्या तांड्याबरोबर वसईला निरोप धाडला आणि ज्येष्ठात नऊ दिवसांची प्रार्थना धरली. रोज दिवेलागणीला गुडघे टेकून जपमाळ म्हणायची, नऊ दिवस सलग. एक दिवस चुकला तर पुन्हा पहिल्यापासून. हा नियम तिच्या आईचा, आणि आईशी वाद घालायची सोय आता उरली नव्हती.

मग काय, नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. पहिल्या खेपेला पाचव्या दिवशी शेळी कुणाच्या तरी भोपळ्याच्या वेलात शिरली आणि अख्खी संध्याकाळ त्या घरच्यांच्या शिव्या खाण्यात गेली. दुसऱ्या खेपेला सातव्या दिवशी ती जपमाळ हातात घेऊन भिंतीला टेकली, ती कोंबडं आरवल्यावर उठली. तिसऱ्या खेपेला ताप. चौथ्या खेपेला आठव्या दिवशी शेजारच्या मैनाला कळा सुटल्या; बाळ काही कतरीनबाईच्या जपमाळेसाठी थांबणार नव्हतं. दर वेळी ये रे माझ्या मागल्या.

"आई, देवाला कळतं गं सगळं," सिसिल म्हणायची.

"कळत असेल. पण अर्धवट शिवलेली थैली मी तोफखान्यात देत नाही, मग देवाला कशी देऊ?"

भिंतीपलीकडे मुक्ताबाई कासारीण राहायची. जिभेला धार अशी की सुरीवाल्याने उसनी न्यावी. "आमच्या देवीचे नऊ दिवस वर्षातून एकदा येतात आणि संपतात," बांगड्या पुसता पुसता ती म्हणाली. "तुमचे आपले बारमाही. बरं आहे." पण पाचव्या खेपेला कतरीनबाईचा घसा बसला होता, तेव्हा तुळस-आल्याचा काढाही तिनेच आणून दिला होता.

होता होता आश्विन उजाडला. पाद्रीचा पत्ता नाही. घटस्थापनेच्या दिवशी मुक्ताबाईने घट बसवला, त्यावर पहिली माळ बांधली, आणि त्याच संध्याकाळी कतरीनबाईने पुन्हा पहिला दिवस धरला. ही शेवटची खेप. नवव्या माळेनंतर दसराच. स्वतःच्या मोजणीवरचा तिचा विश्वास केव्हाच उडाला होता, म्हणून रोज ती भिंतीवरून विचारायची, "मुक्ताबाई, आज कितवी माळ?" उत्तर आलं की गुडघे टेकायची. मोहीम तोंडावर आलेली, थैल्यांचा ढीग लागलेला, दिवस कुठून कुठे गेला ते तिला कळत नव्हतं. शेळी दाव्याला होती, मैनाचं बाळ पाळण्यात होतं, विघ्न म्हणून आलं नाही.

नववी माळ झाली. कतरीनबाई उठली ती हसतच. "मुक्ताबाई, संपले हो माझे नऊ दिवस."

मुक्ताबाईचा चेहरा उतरला. "नऊ कुठले? यंदा षष्ठीचा क्षय होता. पाचवी नि सहावी माळ एकाच दिवशी बांधली मी, तुम्हाला नुसती सहावी सांगितली. माळा नऊ, पण दिवस आठच."

कतरीनबाई उंबऱ्यावरच बसली. उद्या दुपारी तोफा निघणार. नववी संध्याकाळ येईल तेव्हा दुमिंग कोसभर पुढे गेलेला असेल. ती रागावली. लेकीवर नाही, शेजारणीवर नाही, थेट देवावर रागावली.

"तुमचा देव बसतो का हो बोटं मोजत?" मुक्ताबाईने विचारलं. या वेळी तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता.

कतरीनबाई पुन्हा आत गेली आणि तिने गुडघे टेकले. जपमाळ घेतली नाही. "देवा," ती म्हणाली, "नऊ काही जमले नाहीत. आठ आहेत, आणि आधीचे फुटके-तुटके किती ते तुलाच ठाऊक. मला दुसरं दार माहीत नाही. उद्या पण येईन. तू ऐक नाहीतर नको ऐकू, मी येणार."

दसऱ्याच्या सकाळी ती शेवटची थैली शिवत होती. गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेला झगा घातलेला एक माणूस दारात उभा राहिला आणि म्हणाला, "कतरीनबाईचं घर हेच ना? मी वाट चुकून वारज्याकडून आलो."

तिच्या हातातली सुई गळून पडली. तो पाद्री होता.

"किती उशीर हो, पाद्रीबाबा!"

"उशीर? तुमचा निरोप ज्येष्ठात मिळाला, दुसऱ्या दिवशी निघालो. मग नद्या फुगल्या, ताप आला, गावोगाव लोकांनी बाप्तिस्म्यासाठी पोरं पुढे केली." पाद्री ओट्यावर टेकला. "खरं सांगतो, रोज सकाळी वाटायचं, जावं माघारी. आणि संध्याकाळी, दिवे लागले की का कोण जाणे, वाटायचं, आणखी एक मजल मारून बघू."

कतरीनबाईला रडूच कोसळलं. त्या बिचाऱ्याला वाटलं, आपलं काही चुकलं. त्याने घाईघाईने कामाचं काढलं, "पण बाई, लग्नाआधी तीन रविवार पुकार करावी लागते. कुणाची हरकत असेल तर..."

"चार महिने मी देवाच्या कानाशी पुकारतेय," डोळे पुसत ती म्हणाली. "त्याची हरकत दिसत नाही. आणखी कुणाला विचारायचंय?"

पाद्री हसला आणि उठला. मुक्ताबाईने सिसिलच्या हातात कोपरापर्यंत हिरवा चुडा भरला, अंगणात लग्न लागलं, आणि दुपारी तोफांमागच्या गाड्यात दुमिंगच्या पेटीवर बसून सिसिल निघाली. गाडा वळणाआड जाईपर्यंत कतरीनबाई हसत हात हलवत होती. घर रिकामं झालं होतं. मागितलं ते मिळालं होतं.

दिवेलागणीला मुक्ताबाई आपट्याची पानं घेऊन सोनं द्यायला आली. कतरीनबाई गुडघ्यांवर होती. तोफांच्या वाटेवर लेक-जावई सुखरूप राहोत, धड परत येवोत, असं काहीसं ऐकू आलं. मुक्ताबाईने हाक मारली नाही. प्रार्थना संपेपर्यंत ती पानं हातात धरून उंबऱ्यावर बसून राहिली. बराच वेळ बसावं लागलं.