तोंड दिसलं पाहिजे

“बाळ, परत तेच म्हणतंय. सापडत नाही म्हणून थांबलो, असं,” लाइनमन फोनमध्ये म्हणाला. मान वाकडी करून फोन खांद्यात धरलेला, दोन्ही हात कीबोर्डवर आणि डोळे कॉम्प्युटरच्या पडद्यावरच्या काळ्या खिडकीतल्या पांढऱ्या ओळींवर.

पलीकडे मुलगी परमुलखातल्या दवाखान्यात खाटेवर पडून होती. तिने त्याला शेवटची ओळ अक्षर-अक्षर वाचायला लावली आणि सांगितलं, की हे सॉफ्टवेअर ज्या लायब्ररीच्या, म्हणजे तयार कोडच्या संचाच्या, आधाराने उभं राहतं, तीच तुमच्या कॉम्प्युटरवर नाही. आधी ती बांधायची, मग हे. वेळ किती लागेल, असं त्याने विचारलं. मशीन जुनं आहे, पाऊण तास तरी धरा, ती म्हणाली. भिंतीवर साडेनऊ वाजले होते. इकडच्या घड्याळाने एक वाजता तिला ऑपरेशनला नेणार होते.

लाइनमनने टेलिफोन खात्यात चौतीस वर्षं काढली होती. खांबावर चढला, गटारात उतरला, एक्स्चेंजमध्ये तारांच्या जुडग्यांत बसला. निवृत्तीला सात वर्षं झाली तरी वस्तीत सगळे त्याला लाइनमनच म्हणत. बायकोला एकोणिसाव्या वर्षी विषमज्वर झाला आणि त्यात तिचे दोन्ही कान गेले. तिला बोलता यायचं, ऐकू शून्य. समोरच्याच्या ओठांवरून ती सगळं ओळखायची. छापखान्यात तिने पंचवीस वर्षं प्रूफं तपासली, आणि तिच्या नजरेतून काना-मात्रा सुटत नाही असा तिचा लौकिक होता. मुलगी तर पाळण्यात असल्यापासून आईकडे तोंड करूनच रडायला शिकली, असं तो लोकांना गमतीने सांगायचा.

मुलगी नोकरीसाठी बाहेर गेली तरी त्यामुळे काही अडलं नव्हतं. दर रविवारी मायलेकी पडद्यावर समोरासमोर बसत, ओठ हलवत, पोट धरून हसत, आणि घरात चिडीचूप शांतता असे. मग तीन आठवड्यांपूर्वी वरून हुकूम निघाला आणि देशाबाहेर बोलायच्या व्हिडिओच्या सगळ्या वाटा एका रात्रीत बंद झाल्या. साधा फोन तेवढा चालू राहिला. त्याच आठवड्यात मुलीच्या हृदयाची झडप निकामी झाल्याचं कळलं.

फोनवर तो मुलीशी बोलायचा आणि बायकोला सांगायचा. मुलगी आईला नुसत्या अक्षरांचे मेसेजही पाठवायची. पण बायकोचा विश्वास बसेना. त्याला कारणही तसंच होतं. तिचे वडील गेले तेव्हा ती तापाने फणफणलेली, म्हणून त्याने आठ दिवस ते तिच्यापासून लपवलं होतं. ती गोष्ट तिने त्याला आयुष्यात माफ केली नाही.

“लिहिलेलं कुणीही लिहील,” ती म्हणाली होती. “तुम्हीही लिहाल. मला तिचं तोंड दिसलं पाहिजे.”

चार दिवसांपासून तिने अन्न टाकलं होतं. आणि काल तिने मुलीचा फोटो भिंतीवरून काढला, पदराने पुसला, मांडीवर ठेवला आणि त्याला शांतपणे विचारलं, “कधी गेली? मला तारीख तरी सांगा.”

तो कळवळून सांगत राहिला, की अगं, जिवंत आहे, आत्ता बोललो. ती त्याच्या ओठांकडे बघत होती, पण एक शब्द घेत नव्हती.

तोड मुलीनेच काढली. इकडून तिकडे सरळ जाता येत नसेल, तर मध्ये एक प्रॉक्सी बसवायची. लाइनमनला ते लगेच उमगलं. दोन गावांमधली थेट ट्रंक लाइन तुटली की खात्यात तेही तिसऱ्या गावच्या एक्स्चेंजला सांगत, तू पुढे जोडून दे. मुलीच्या सहकारिणीने तिकडे एक सर्व्हर तयार ठेवला. आता इकडच्या कॉम्प्युटरवर तेच सॉफ्टवेअर हवं. तयार मिळण्याच्या जागा बंद होत्या, आणि त्याच्या बारा वर्षं जुन्या मशीनवर तयार काही चाललंही नसतं. पण त्या सॉफ्टवेअरचा सोर्स कोड खुला होता, कुणीही घ्यावा आणि आपल्या मशीनवर बांधावा. काल संध्याकाळी तो तंत्रशिक्षणाच्या कॉलेजात गेला. लॅबवाल्या बाईंनी त्याचं सगळं ऐकून घेतलं, कोड पेन ड्राइव्हवर उतरवला, सोबत लागेल न लागेल ते सगळंच घातलं, आणि दारापर्यंत येऊन एवढंच म्हणाल्या, “काका, माझं नाव कुठे घेऊ नका.”

लायब्ररी पेन ड्राइव्हवर सापडली. मुलीने कमांड सांगितली आणि थोडा वेळ पडते म्हणून फोन ठेवला. त्याने कमांड टाइप केली. मग घड्याळाकडे बघितलं आणि त्याला दुर्बुद्धी झाली. एकाच वेळी चार कामं करायला लावण्याची खूण कमांडला जोडता येते, हे मुलीच्याच तोंडून त्याने कधीतरी ऐकलं होतं. पाऊण तासाचं काम दहा मिनिटांत होईल, या आशेने त्याने ती जोडली. ओळी सरसर धावू लागल्या. त्याला हायसं वाटलं. मग त्या मंदावल्या. माउस हलेना. पंखा घरघरायला लागला आणि पडदा होता तसा गोठला.

त्याने वाट बघितली. दहा मिनिटं, पंधरा मिनिटं. उपाशी बैलाला चार नांगर जोडावेत तसं त्याने केलं होतं. शेवटी बटण दाबून मशीन बंद केलं, परत सुरू केलं, पुन्हा पहिल्यापासून. दहा वाजून पंचवीस मिनिटं. हाताला सुटलेला घाम त्याने लेंग्याला पुसला.

बायको दारात येऊन उभी होती. किती वेळ, कोण जाणे. “काय करताय हे?” तिने विचारलं. सकाळपासून त्याने तिला काही सांगितलं नव्हतं. जमलं नाही तर काय, ही भीती. आता त्याने तिच्याकडे तोंड केलं आणि सांगितलं, की आज तुला ती दिसेल, एकच्या आत.

“आणि नाही दिसली तर?”

ती वळून गेली.

लायब्ररी सव्वाअकराला तयार झाली. मग मूळ सॉफ्टवेअर. ते मशीन एक-एक फाइल चघळत होतं आणि तो खुर्चीच्या कडेला बसून ओळी मोजत होता. मध्ये एकदा थांबलं. मुलीला फोन लावला तर उचलला एका नर्सने. तिची भाषा त्याला येईना, त्याची तिला. पाच मिनिटांनी मुलगी फोनवर आली, तिने सगळी एरर ऐकली, एका फोल्डरचा पत्ता बदलायला सांगितला. तिचा आवाज आता लांबून आल्यासारखा होता. झोपेचं औषध दिलंय, ती म्हणाली.

बारा चाळीसला बांधून झालं. इन्स्टॉल करायला गेला तर परवानगी नाही. कॉम्प्युटरच्या मालकाचा, म्हणजे स्वतःचाच, पासवर्ड दिला तेव्हा झालं. शेवटची राहिली ती छोटी फाइल, तिकडच्या सर्व्हरचा पत्ता आणि किल्ली लिहायची. मुलीने मागेच सांगितलेल्या नऊ-दहा ओळी त्याने पाठकोऱ्या कागदावर उतरवल्या होत्या. त्या टाइप केल्या. सुरू केलं. बंद पडलं. पुन्हा सुरू केलं. पुन्हा बंद.

“बाळ, आता काय बघू?”

“बाबा, एखादं चिन्ह... राहिलं असेल,” ती म्हणाली. जीभ जड झाली होती. “मला नीट सुचत नाहीये, बाबा.”

त्याने ओळी वाचल्या. चष्मा पुसून वाचल्या. त्याला सगळ्या सारख्याच दिसायला लागल्या. तो उठला, आतल्या खोलीत गेला आणि बायकोला हाताला धरून घेऊन आला. कागद तिच्या हातात दिला, पडद्याकडे बोट केलं. “यात चूक आहे. शोध.”

तिने त्याच्याकडे एकदा बघितलं. मग खाली बसली. कागदावर एक नजर, पडद्यावर एक नजर, बोट ओळीखालून सरकत. छापखान्यात बसायची तशी. चौथ्या ओळीशी बोट थांबलं.

“इथे स्वल्पविराम खाल्लात.”

त्याने तो घातला. सुरू केलं. या वेळी ते सुरूच राहिलं.

बारा वाजून त्रेपन्न मिनिटांनी पडद्यावर मुलगी आली. डोक्याला हिरवी टोपी, हाताला नळ्या, चेहरा उतरलेला, पण तीच. बायकोच्या घशातून एक आवाज निघाला. तो तिला ऐकू येणं शक्य नव्हतं, पण फोनमधून मुलीला गेला असावा, कारण ती हसली.

चित्र मात्र अडखळत होतं. एक क्षण हलायचं, तीन क्षण थिजायचं. मुलीचे ओठ हलत होते आणि मधली अक्षरं गळून पडत होती. “कळत नाही गं,” बायको म्हणाली. “काय म्हणतेय ती? मला काही कळत नाही.”

आवाज तेवढा फोनमधून स्वच्छ येत होता. लाइनमन उठला आणि पडद्याला अगदी खेटून गुडघ्यांवर बसला, त्याचं तोंड मुलीच्या तोंडाशेजारी येईल असा. कानाला फोन. मुलगी बोलेल ते तो तसंच, ओठ पूर्ण हलवून म्हणू लागला.

“आई, मी घाबरले नाहीये. आई, तू जेवत का नाहीस? आई, तुझे केस किती पांढरे झाले.”

बायकोची नजर दोघांच्या तोंडांवरून येरझारा घालत होती. ती एकदा हसलीसुद्धा.

मग मुलगी काही म्हणाली आणि त्याने मान खाली घातली.

“काय म्हणाली? सांगा ना.”

“बाबांवर रागावू नकोस,” तो म्हणाला. “ते खरंच सांगत होते.”

बायकोने हात लांब करून पडद्याला लावला. तिकडे दोन माणसं खाटेशी आली. मुलीने नळ्यांचा हात थोडा उचलला. चित्र पुन्हा सुरळीत झालं तेव्हा फक्त भिंत दिसत होती.

त्यानंतर बायको उठली, तोंड धुतलं आणि स्वयंपाकाला लागली. भाजी चिरताना मुलीचं लहानपणीचं काहीबाही बोलत होती. चार दिवसांचं साचलेलं. स्वयंपाक सावकाश चालला होता, घाई कसलीच नव्हती. तो हं-हं करत होता आणि फोनकडे बघत होता.

फोन सव्वापाचला आला. मुलीची सहकारीण होती. तिने हळू आवाजात, दोनदा थांबून सांगितलं. झडप बसवली, पण हृदय परत सुरूच झालं नाही. तासभर प्रयत्न केले. तो हो, हो म्हणत राहिला, कुणी बिघाडाची तक्रार नोंदवावी तसा. मग त्याने फोन ठेवला.

बायको नुकतीच जेवायला बसली होती. पहिला घास हातात. तो दारात आला तशी तिने मान वर केली. त्याने सांगितलं, पण त्याचे ओठ थरथरत होते.

“काय?” ती म्हणाली. “असं पुटपुटू नका. नीट बोला.”

तो आत गेला. खिडकीतला उजेड आपल्या चेहऱ्यावर पडेल असा तिच्यासमोर जमिनीवर बसला. तिच्या हातातला घास काढून ताटात ठेवला. हाताच्या पाठीने आपलं तोंड पुसलं. आणि मग सावकाश, एक-एक शब्द सुटा करून, त्याने ते पुन्हा सांगितलं.