शेवंतीवर सोपवलेलं

नवस करणाऱ्या बायकांची चांगुणाबाईंना भारी चीड. शेजारची सखू अंबरनाथच्या शिवमंदिरात काहीबाही कबूल करून आली, की या तिला दारातच गाठायच्या, "काय गं, आज देवाला काय लाच दिलीस?" सखू बिचारी हसण्यावारी न्यायची. छप्पन्न साली चांगुणाबाईंच्या वडिलांनी घरातले देव नदीत सोडले, ते सोडलेच. तेव्हापासून अंगारे, गंडे, नवस यांना त्यांच्या घरात थारा नव्हता. अशी बाई एका झाडाला अट घालून बसेल, हे बेलवलीत कुणाला सांगून खरं वाटलं नसतं.

सून यशोधरालाही खरं वाटलं नाही. ऑक्टोबर लागला तेव्हा चांगुणाबाई खिडकीतल्या शेवंतीकडे बोट दाखवून म्हणाल्या, "सहा डिसेंबरपर्यंत ही फुलली, तर मिलिंद आहे कुठंतरी. नाही फुलली तर नाही. मग यशो, तू मोकळी. हरिचंद्रला हो म्हण."

मिलिंद त्यांचा एकुलता एक मुलगा, यशोधराचा नवरा. दोन हजार पाचच्या पुरात कंपनीतून घरी यायला निघाला तो आलाच नाही. मोटारसायकल वालधुनी नदीच्या काठी चिखलात सापडली. तो सापडला नाही. शेवंती त्याचीच. तेलाच्या डब्यात लावलेली, बाहेर पोरं कळ्या खुडतात म्हणून घरात खिडकीशी ठेवलेली. दर वर्षी डिसेंबरच्या तोंडाशी पांढरीशुभ्र फुलायची आणि पहिलं फूल सहा तारखेला बाबासाहेबांच्या फोटोपुढे जायचं. पुरानंतर मात्र नुसती पानं. झाड हिरवंगार, कमरेएवढं उंच, आणि कळीचा पत्ता नाही. चांगुणाबाईंनी शेणखत घातलं, चहाचा चोथा घातला, दुपारी उन्हात सरकवलं. शेवंती ढिम्म.

त्याच खिडकीवरचा ट्यूबलाइट पूर आल्यापासून रात्रभर जळत होता. अंधारात पोरगं येईल आणि घर चुकेल, म्हणून. लोडशेडिंगमध्ये वीज गेली तर चांगुणाबाई कंदील घेऊन बसायच्या. यशोधरा डोळ्यांवर पदर घेऊन झोपायला शिकली होती.

हरिचंद्र उल्हासनगरचा, कॅम्प पाचमधल्या तिच्या माहेरच्या गल्लीतला. जीन्सच्या कारखान्यात कटिंग मास्तर. बायको वारलेली. त्यानं यशोधराला मागणी घातली होती. "मला घाई नाही," एवढंच तो तिला म्हणाला होता, आणि त्या एका वाक्यावर यशोधरा कितीतरी रात्री त्या उजेडात जागी होती. तिला जायचं होतं. सासूला टाकून जायचं, या विचाराची लाजही वाटायची, तरीही जायचं होतं.

नोव्हेंबरात ती माहेरी गेली तर मागच्या गॅलरीत शेवंती कळ्यांनी लगडलेली. बेलवलीच्याच झाडाचं ते रोप, तिनंच नेऊन दिलेलं.

"तुझ्या भावाच्या आळसाची कृपा," आई म्हणाली. "इथला बल्ब उडालाय, बदलतोय कोण? मागच्या साली बल्ब रात्रभर चालू असायचा तर एक कळी नाही. शेवंतीला रात्रीचा काळोख लागतो गं."

यशोधराला बेलवलीच्या खिडकीवरचा ट्यूबलाइट आठवला. रिक्षात बसेपर्यंत तिचं ठरलं होतं, घरी गेल्या गेल्या सांगायचं. घरी गेल्यावर तिनं चहा टाकला, भाकऱ्या केल्या आणि काहीच सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. झाडावर रात्री एक घोंगडी टाकली असती तरी भागलं असतं. घोंगडी दांडीवर होती, हाताशी होती. रोज संध्याकाळी चांगुणाबाई बटण दाबायच्या, खटकन उजेड पडायचा आणि यशोधरा मान खाली घालून भाजी निवडायची. आपण एका आईचा मुलगा आपल्या हातानं मारतोय, असं तिला वाटायचं. तरी तोंड उघडायचं नाही.

सहा डिसेंबरला फुलं बाजारातून आणावी लागली. संध्याकाळी बुद्धवंदना झाली. चांगुणाबाईंनी ट्यूब लावली, शेवंतीची पानं वरपासून खालपर्यंत उलटून पाहिली आणि पाटावर बसल्या. "नाही फुलली. झालं तर मग. उद्या तुझ्या आईला निरोप धाड."

हवं ते मिळालं होतं. यशोधराला हुंदका आवरेना.

"आई, लाइटमुळे फुलली नाही ती. मला माहीत होतं. मी मुद्दाम गप्प बसले. मला जायचं होतं म्हणून. मी पापी आहे, आई."

चांगुणाबाईंनी तिला पोटभर रडू दिलं. मग म्हणाल्या, "मलाही माहीत होतं."

यशोधरानं मान वर केली.

"सखूनं मागच्याच साली सांगितलं, रातभर उजेड नको दाखवू गो तिला. तिच्या परसात फुलली होती."

"मग ही अट कशाला घातलीत? तुम्ही तर नवससुद्धा मानत नाही."

"काय करू? मिलिंद गेला हे माझ्या तोंडातून निघत नाही गं. किती वेळा बोलायला गेले, जीभच उचलत नाही. आणि मी म्हटल्याशिवाय तू इथून हलणार नव्हतीस. म्हणून झाडावर टाकलं." त्यांनी ट्यूबकडे पाहिलं. "आधी त्याच्यासाठी लावत होते. यंदा तुझ्यासाठी लावला."

यशोधरा त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून पडली. शेजारी सखूच्या टीव्हीवर कुणीतरी मोठ्यानं भांडत होतं.

"ऊठ," थोड्या वेळानं चांगुणाबाई म्हणाल्या. "बंद कर तो. झोपू दे झाडाला."

यशोधरानं बटण दाबलं. पुरापासून पहिल्यांदाच त्या घरात संध्याकाळचा काळोख झाला.

"आता धरेल कळी," चांगुणाबाई म्हणाल्या. "पहिलं फूल मिलिंदच्या फोटोला घालायचं."

मिलिंदचा फोटो भिंतीवर नव्हताच. लावला तर हार घालावा लागेल, म्हणून त्यांनीच तो कपाटात कुलपात ठेवला होता. काळोखात त्या उठल्या आणि उशीखाली हात घालून कपाटाची किल्ली चाचपू लागल्या.